निखारे गुरुजींची अर्धी सावली

निखारे गुरुजींसमोर सावलीचं नाव काढू नये, हे मोहाडीत सगळ्यांना ठाऊक आहे. "सावलीत या" म्हटलं तरी ते उलट विचारतात, "कोणत्या? पुऱ्या का अर्ध्या?"

जन्मभर शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेला हा माणूस माझा शेजारी. सूर्य म्हणजे सुईचं टोक नाही, थाळी आहे, हे जगाला कळत नाही याचा त्यांना भयंकर संताप.

"थाळी पुरी झाकली तं गडद सावली. कडेले ती अर्धीच झाकते, तिथं अर्धी सावली. एवढंबी समजत नाही काय लोकायले?"

परवा शाळेच्या भिंतीवर पेंटर ग्रहणाचं चित्र काढत होता. चंद्राची सावली काळीकुट्ट, कड चाकूनं कापल्यासारखी. गुरुजींनी मला बाजारातून ओढतच तिथं नेलं.

"अर्धी सावली कुठं गेली?"

"पोट्ट्यायले काय समजते ते, गुरुजी," पेंटर म्हणाला.

"म्हणून खोटं शिकवून राहिला काय त्यायले?"

असं म्हणून त्यांनी डब्यावरचं फडकं उचललं आणि ओल्या रंगाची कड खसाखसा पुसटून टाकली. चित्र खरं तर बरोबर झालं, पण पेंटर खवळला. त्याची समजूत काढून मी रंगानं बरबटलेल्या गुरुजींना घरी आणलं.

अंगणात त्यांच्या बायको, काकू, बसल्या होत्या. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. समोर गावच्या पाण्याच्या टाकीची लांब सावली पडली होती.

"हे तं मले समजवाले अर्धी सावली का काय, काहीबी सांगतात," काकू मला म्हणाल्या. "तू खरं सांग, बाबू. टाकीच्या सावलीची कड मले पुसट दिसून राहिली. बाया म्हणतात, डोळा चांगला असन तं साफ दिसते. माझं ऑपरेशन बिघडलं ना?"

मी जवळ जाऊन वाकून पाहिलं.

"मलेबी पुसटच दिसते, काकू. टाकी उंच हाये ना, तिची कड अशीच पडते."

त्या माझ्या तोंडाकडे पाहत राहिल्या. मग उठल्या, आत गेल्या आणि सुपात तांदूळ घेऊन निवडायला बसल्या. ऑपरेशन झाल्यापासून त्यांनी सुपाला हात लावला नव्हता.

गुरुजी आमच्याकडे पाठ करून फडक्यानं हात पुसत उभे होते. रंग केव्हाच निघाला होता, तरी पुसतच होते.