यजमानांच्या खांद्यावरून

"आई, हा जांभई देणारा माणूस कोण?" लेकीने कॅमेरा आईसमोर धरला.

"मला काय माहीत? जांभई छान होती, म्हणून काढला."

"आणि ही भांडणारी बाई?"

"तो फोटो तर हिराच आहे. नाकपुड्या बघ तिच्या!"

एक्स-रेबाईंनी सारी हयात दवाखान्यातल्या अंधाऱ्या खोलीत "श्वास रोखा, हलू नका" म्हणत लोकांच्या बरगड्या टिपल्या होत्या. ताठरलेली, घाबरलेली माणसं बघून त्यांचा जीव विटला होता. म्हणून निवृत्तीनंतर परदेशी लेकीकडे आल्या त्या गळ्यात कॅमेरा घालूनच. आता टिपायची ती हलणारी, बोलणारी, स्वतःला विसरलेली माणसं.

"इथल्या लोकांना हे आवडत नाही," लेक म्हणाली. "कुणी तक्रार केली, तर आम्हाला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. यापुढे फोटो काढायचे ते फक्त बाबांचे. कबूल?"

"कबूल," एक्स-रेबाई इतक्या चटकन म्हणाल्या, की लेकीला तिथेच संशय यायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी यजमानांना चौकात नेऊन उभं केलं. यजमान म्हणजे लग्नाच्या फोटोतसुद्धा उंच माणूस शोधून त्याच्या मागे दडणारे गृहस्थ. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, म्हणून डोळ्यांवर काळा चष्मा. अंगात जावयाचा लांब काळा कोट.

"अगं, मला कशाला यात ओढतेस?"

"नुसते उभे राहा हो. लोकांना वाटेल मी तुम्हाला बघतेय, आणि मी बघीन तुमच्या मागे."

"म्हणजे मी बुजगावणं?"

"बुजगावण्याला बघून पाखरं उडतात. तुम्हाला बघून कुणी जागचं हलत नाही. तेच तर हवंय!"

यजमानांच्या डाव्या खांद्यावरून बाईंना सलूनवाला दिसला. गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून स्वतःच्याच खुर्चीत तोंड उघडं टाकून झोपला होता. टिपला. उजव्या खांद्यावरून फुलवाली दिसली. न खपलेल्या फुलांना ती रागे भरत होती. टिपली. मग बाई गुडघ्यावर बसल्या, बाकावर चढल्या, "डावीकडे सरका, मान खाली," असं ओरडत राहिल्या. काळा कोट, काळा चष्मा आणि समोर घामाघूम झालेली फोटोग्राफर! येणारे-जाणारे थबकले. हा कुणीतरी मोठा नट असणार, अशी कुजबुज सुरू झाली.

सगळ्यात आधी फुलवाली पुढे झाली आणि यजमानांच्या हातात हात घालून उभी राहिली. यजमानांना परक्या भाषेतले दोनच शब्द येत होते, 'सॉरी' आणि 'थँक्यू'. घाबरून त्यांनी दोन्ही वापरले. एवढा मोठा माणूस आणि केवढा विनय! लोकांची खात्रीच पटली. रांग लागली. कुणी खुर्ची आणली. कुणी आपल्या टोपीवर सही मागितली, तर यजमानांनी सवयीने सहीखाली तारीखही घातली.

"अगं, हे काय चाललंय?" ते कळवळून म्हणाले.

"हसा आणि उभे राहा! तुमच्या नादात माझ्याकडे कुणाचं लक्षच नाही," बाई म्हणाल्या. त्यांना तर घबाडच सापडलं होतं.

गर्दीने रस्ता अडला आणि पोलीस आला. त्याने बाईंना काहीतरी विचारलं. त्यातला 'फोटो' एवढा एकच शब्द कळला. झालं, आपण पकडले गेलो! पण बाई डरल्या नाहीत. पदर खोचून त्यांनी चक्क मराठीत सुनावलं, "हो, काढले! चोरी नाही केली, कुणाला हात नाही लावला. उघड्यावर दिसलं ते बघितलं. पुसा म्हणाल तर पुसणार नाही. मुळीच नाही!"

पोलिसाला शब्द कळले नाहीत, सूर कळला. बड्या माणसाची फोटोग्राफर गर्दीला वैतागली आहे, असं समजून त्याने सगळ्यांना मागे हटवलं. मग स्वतःच यजमानांशेजारी उभं राहायला निघाला आणि खिशातून कंगवा काढून मिशी विंचरू लागला. असा क्षण सोडतील त्या एक्स-रेबाई कसल्या? टिपलाच.

पोलिसाने फोटो बघायला मागितला. पडद्यावर मिशी, कंगवा आणि कोपऱ्यात यजमानांचा कान. त्याने मागचा फोटो पाहिला. कान. त्याच्या मागचा पाहिला. पुन्हा कान, आणि भलतीच माणसं. गर्दी वाकून बघू लागली. सलूनवाल्याला उघड्या तोंडाचा स्वतःचा फोटो दिसला.

सलूनवाल्याने कॅमेऱ्यासाठी हात पुढे केला. बाईंनी कॅमेरा छातीशी धरला. "नाही देणार!" मान अशी हलवली, की कुठल्याही मुलखात अर्थ कळावा.

तेवढ्यात त्याची बायको गर्दीतून वाट काढत आली. बाईंनी तिला फोटो दाखवला. ती हसत हसत खालीच बसली. नवऱ्याकडे बोट दाखवून तिने घोरल्याचा आवाज काढला, मग त्याची नक्कल करत जोरजोरात मान हलवली. इतकी वर्षं गडी कबूलच होत नव्हता! सलूनवाला आधी लाल झाला, मग त्यालाही हसू फुटलं. मग काय, माझा कुठे, माझा कुठे, म्हणत सगळे कॅमेऱ्यावर तुटून पडले आणि नवे फोटो काढून घ्यायला दात दाखवत ओळीने उभे राहिले. प्रकाश अडतो म्हणून फुलवालीने यजमानांना कोपराने बाजूला सारलं.

बाईंनी लेन्सवर झाकण लावलं. "अशी नटून उभी राहिलेली माणसं माझ्या उपयोगाची नाहीत," असं ठणकावून त्या निघाल्या.

 दाराशी आल्यावर यजमानांनी बंड पुकारलं. "उद्यापासून मी उभा राहणार नाही! एवढ्या फोटोंत माझा फक्त कान? निदान अर्धा चेहरा तरी?"

"मी बेसावध माणसांचेच फोटो काढते," बाई म्हणाल्या. "तुम्ही बेसावध दिसलात की बघू."

त्या संध्याकाळी यजमान कडक इस्त्रीचा सदरा घालून, भांग पाडून खिडकीत जाऊन बसले आणि दिवेलागणीपर्यंत अगदी बेसावधपणे बाहेर बघत राहिले.