सहा मशिनं आणि एक 'वा'

चेन्नईत तीन वर्षं काढूनही मी तमिळचा एक शब्द शिकलो नाही, आणि याचा मला अभिमान होता. शिकायचं कशाला? शोळिंगनल्लूरच्या आमच्या ऑफिसात लग्नं जुळवणारी वेबसाइट चालायची आणि तिथं डोकं चालवणारा मी एकटा. बाकीचे नुसत्या माना हलवायचे. ती मान हो म्हणते की नाही, हे त्यांनाही ठाऊक नसावं.

शुक्रवारी कोइमतूरचे रामस्वामी ही साइट विकत घेण्याआधी पाहायला येणार होते. मॅनेजर विजयलक्ष्मी मॅडमनी कबूल केलं होतं, साइट नीट चालली तर माझी पुण्याला बदली. मी लगेच आईला फोन करून चकलीची भाजणी दळायला सांगितली.

अडचण एवढीच, की आमची सहा मशिनं लोकांना स्थळं शोधूनही देत आणि नव्या स्थळांची नोंदही करत. एकाच बाईनं पीठही वाटायचं आणि दोसेही घालायचे, मग गिऱ्हाईक ताटकळणारच. माझी योजना अशी: चार मशिनं फक्त शोधाला, दोन नोंदीला, आणि तुंबलेली चाळीस हजार स्थळं पाहुणे जाईपर्यंत दाराबाहेर. हे समजायला अक्कल लागते, म्हणून मशिनच्या खोलीतल्या वेंकटला मी चारदा समजावलं.

शुक्रवारी अकराला पाच कमी असताना, रामस्वामी समोर येऊन बसले तेव्हाच, त्याचा फोन आला.

"सर, शोध पाव सेकंदात येतोय. चाळीस हजार स्थळं थांबवून ठेवलीत."

"वा!"

त्यानं खात्री करून घेतली. "वा, सर? आत्ता?"

कौतुकाची सवय नसते या लोकांना. "अरे, वा, वा!"

"ऑल मशीन, सर?"

"ऑल!" मी उदारपणे म्हणालो.

रामस्वामींनी भाचीसाठी तंजावरचा मुलगा शोधायला घेतला. पडद्यावर चक्र फिरू लागलं. एक कॉफी झाली, दुसरी झाली, चक्र फिरतच होतं.

"एवढ्यात आमचा ब्रोकर मुलगा दाखवून, जेवून घरी गेला असता," असं म्हणून ते उठले.

मी तरातरा वेंकटकडे गेलो. मला गिरीधरनं अडवलं. हा आमच्यातलाच तंजावरचा मराठी. त्याच्या जुनाट मराठीला मी रोज हसायचो.

"त्याची काय चूक?" तो म्हणाला. "तुम्हीच वा म्हणालांत की. तमिळांत वा म्हंजे ये. तो चाळीस हजारांस आंत घेऊन आला."

मॅडम मात्र भल्या. "रामस्वामी सोमवारी पुन्हा येतायत. पुण्याचं तेव्हा बघू," असं म्हणून त्यांनी स्वतः केलेलं हरभऱ्याचं सुंडल माझ्यापुढे ठेवलं. "कसं झालंय?"

तोंडाशी आलेला 'वा' मी गिळला. माणूस चुकांमधून शिकतो.

"छान," मी म्हणालो. "फार छान."

मॅडमचा चेहरा पडला. त्यांनी डबा बंद केला आणि त्या निघून गेल्या.

"चाणी," गिरीधर माझ्या कानात म्हणाला, "म्हंजे शेण."

आईच्या चकल्या परवा कुरिअरनं चेन्नईलाच आल्या. ऑफिसात सगळ्यांना वाटल्या. कशा झाल्यात, ते मी काही बोललो नाही.