प्रफुलच्या प्रिंटरची जिरवली!

विंडोज सोडून लिनक्सवर कम्प्युटर चालवणारा माणूस अख्ख्या सिंदेवाहीत शोधून सापडणार नाही, आणि सापडलाच तर तो मीच!

तरी आमची साधना प्रिंट काढायला शेजारच्या प्रफुलकडे जाते. का, तर त्याने बिनवायरचा प्रिंटर आणलाय! परवा मंडईच्या जत्रेतल्या नाटकाची आमंत्रणं छापायची होती. नमुना काढायला तिकडे गेली, ती कौतुक करतच परतली.

"प्रफुलभाऊच्या घरी मोबाईलवर बोट ठेवलं का कागद बाहेर! तुमच्या प्रिंटरले तर वायरीनं बांधून ठेवा लागते."

खोटं कशाला बोलू, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हक्काचा नवरा घरात असताना कौतुक भिंतीपलीकडच्याचं?

"आजच्या आज आपला प्रिंटर घरभर चालवून दाखवतो!" मी गरजलो.

जुन्या कम्प्युटरवर लिनक्स होतंच. त्याला प्रिंटरची यूएसबी वायर खोचली, प्रिंटर वायफायवरून घरभर दिसावा म्हणून शेअरिंगवर टिचकी मारली आणि लॅपटॉप घेऊन ऐटीत स्वयंपाकघरात गेलो. तिथे प्रिंटर आपोआप दिसला! मी नमुन्यादाखल टाइप केलं, 'प्रफुलचा प्रिंटर म्हणजे नुसता डब्बा! खरा प्रिंटर आमचा!' आणि दिलं सोडून.

"निघाला कागद?"

"नाई!" बाहेरच्या खोलीतून साधना.

लॅपटॉप तर म्हणत होता, छपाई झाली! पुन्हा सोडलं.

"आता?"

"ढिम्म बसून आहे थो!"

मी चिडून एकदम पन्नास प्रती सोडल्या. बाहेर जाऊन प्रिंटरला दोन चापट्याही दिल्या.

तेवढ्यात दारात प्रफुल, हातात कागदांचा गठ्ठा!

"भाऊ, माह्या प्रिंटरमधून तुमचे कागद निघून राह्यले. बंदच होत नाई!"

तेव्हा कुठे उजेड पडला. दोन्ही घरांत वायफाय एकच. माझं शेअरिंग चालू झालंच नव्हतं, लॅपटॉपला दिसला तो प्रफुलचा प्रिंटर! साधनाने वरचा कागद वाचला. आता ही त्याच्यासमोर माझी अब्रू काढणार, म्हणून मी मान खाली घातली.

"अगो बाई! आपल्या घरून सोडलं, अन् भिंत ओलांडून तिकडं निघालं? प्रफुलभाऊ, तुमच्या प्रिंटरले तोड नाई!"

"मंग! कागदावर त्याले डब्बा म्हणते भाऊ, पण वापरून राह्यले थोच!" प्रफुल हसत म्हणाला.

साधनाने माझा प्रिंटर उचलून कपाटावर ठेवला.

"तुमी इथी बसून आमंत्रणं सोडत राहा," ती मला म्हणाली, "मी तिकडं कागद घ्यायले जातो."

काय करणार? सोडली! आमंत्रणं फार सुरेख निघाली हो. तेच तर दुखतंय!