बेवारस दुपारींचे गोदाम

बंगाली मुलुखातल्या सॉल्ट लेकमधील मराठी वाचक मंडळाचे अध्यक्षपद बावीस वर्षे मीनाताई राजवाडे यांच्याकडे होते आणि मंडळातला सर्वांत कडक नियमही त्यांनीच केलेला होता. जो सभासद न वाचलेले पुस्तक वाचले असे सांगेल, त्याने वर्षभर तोंड मिटून सभेचा चहा करावा. बँकेतले अनिल सबनीस एकदा नुसते मलपृष्ठ वाचून कादंबरीवर बोलले होते. गेले दहा महिने ते स्वयंपाकघरात होते. चहा मात्र उत्तम करू लागले होते.

या महिन्याचा विषय तरुण मंडळींनी ठरवला: अद्भुतकथा आणि विज्ञानकथा. मीनाताईंना यानात बसणारी माणसे मुळीच पसंत नव्हती. "ज्याला घर सांभाळता येत नाही, तो मंगळावर जातो," असे त्यांचे स्पष्ट मत होते. तथापि पहिली शिफारस अध्यक्षांनीच करावी, असा रिवाज होता. म्हणून शनिवारी जेवणानंतर नात आभाने दिलेले, खाकी कागदाचे कव्हर घातलेले जाडजूड पुस्तक घेऊन त्या गॅलरीतल्या आरामखुर्चीत बसल्या. दारावरच्या घंटेने त्यांची तंद्री मोडली, तेव्हा गॅसचा सिलिंडर आला होता आणि पुस्तक एकशे बाराव्या पानावर उघडे होते. इतकी पाने आपणच वाचली, याविषयी त्यांच्या मनात शंका नव्हती. पंख्याच्या वाऱ्याचा विचार त्यांना शिवला नाही.

रविवारच्या सभेत त्या उभ्या राहिल्या.

"खिदिरपूरच्या गोदीत, पाण्याच्या तळाशी, एक गोदाम आहे. माणसांच्या हातून निसटलेल्या दुपारी तिथे सागवानी पेट्यांत ठेवलेल्या असतात. बेवारस माल. वर हिरव्या काचेसारखे पाणी, आणि त्यातून जहाजांचे तळ ढगांसारखे सावकाश जात असतात. काउंटरवर कस्टमचा अधिकारी बसतो. आपली दुपार ओळखून सांगितली, तरच तो शिक्का मारतो. नायिका त्याच्यापुढे उभी राहते. तो पेटी पुढे सरकवतो, आणि..."

इथे त्या थांबल्या, कारण इथेच सिलिंडर आला होता.

"पुढचे स्वतः वाचा," त्यांनी आज्ञा केली.

सभागृह बराच वेळ पाण्याखालीच राहिले. सेक्टर फाइव्हच्या आयटी कंपनीत संगणकासमोर बसणाऱ्या सायलीने डोळे पुसले. "ताई, पुस्तक पुढच्या रविवारी आणाल ना? पहिला नंबर माझा!"

"आणीन," मीनाताई म्हणाल्या.

घरी आल्यावर, सभेत मागे बसलेली आभा म्हणाली, "आजी, तू जे बोललीस ना, ते बुकमध्ये नाहीच आहे! त्यात तर मार्सवर पाण्याची टाकी लीक होते."

"तुझे मराठी कच्चे आहे," मीनाताई म्हणाल्या आणि चष्मा लावून बसल्या. पहिल्या पानावर टाकी गळत होती. एकशे बाराव्या पानावरही तीच टाकी गळत होती.

मग त्यांना काउंटरवरच्या त्या अधिकाऱ्याच्या मिशा आठवल्या; त्या ओळखीच्या होत्या. त्यांचे दिवंगत यजमान प्रकाशराव तीस वर्षे खिदिरपूरला कस्टममध्ये होते. एका दुपारी ते लवकर घरी येऊन म्हणाले होते, "चल, आज गंगेवर नावेत बसू." त्या दिवशी लोणच्याचा मसाला कुटायचा होता. ते पुन्हा म्हणाले नाहीत.

दरम्यान प्रकरण मीनाताईंच्या आवाक्याबाहेर गेले. सायली नुसती गोष्ट सांगत कॉलेज स्ट्रीटची पुस्तकांची दुकाने पालथी घालून आली आणि तिने मंडळाच्या ग्रुपवर कळवले, "एक दुकानदार म्हणाला, शेवटची प्रत कालच गेली. दुसरा म्हणाला, आठवड्याने या." त्याखाली अविनाशराव टिपणीसांचा संदेश आला. जगातले कोणतेही पुस्तक त्यांनी आधीच वाचलेले असे. "मी हे फार पूर्वी वाचले आहे. शेवट तर अप्रतिम!"

मीनाताईंनी तो संदेश सात वेळा वाचला. हा मनुष्य धडधडीत खोटे बोलत आहे, हे पृथ्वीवर, एक आभा सोडली तर, फक्त त्यांनाच ठाऊक होते. आणि तो शेवट ऐकल्यावाचून त्यांना चैन पडत नव्हते.

पुढच्या रविवारी टेबल रिकामे होते. सर्वजण पुस्तकाची वाट पाहत होते.

"अविनाशराव," मीनाताई म्हणाल्या, "शेवट सांगा."

"छे, छे! आधीच सांगितला तर मजा जाईल हो."

"मी सांगते आहे. उभे राहा."

अविनाशरावांनी घाम पुसला. छताकडे पाहिले. "म्हणजे असं की... तो अधिकारी विचारतो, 'ओळखा, ही तुमचीच दुपार का?' ती म्हणते, 'कशी ओळखू? मी ती जगलेच नाही.' मग तो... तो पेन खिशाला लावतो. टोपी काढून ठेवतो. म्हणतो, 'माझी ड्यूटी संपली. चला, दोघं मिळून बघू.'"

मीनाताई खिडकीबाहेर पाहत राहिल्या.

"असे पुस्तक नाही," त्या म्हणाल्या. "मला आरामखुर्चीत स्वप्न पडले. वाचले म्हणून सांगितले, हा माझा अपराध. नियम मीच केलेला आहे." मग त्यांची नजर वळली. "अविनाशराव, चला."

दारात ट्रे घेऊन उभे असलेले अनिल सबनीस सभेत दहा महिन्यांनी प्रथमच बोलले.

"आलं किसून ठेवलंय."

आणि कोणी काही म्हणायच्या आत ते अध्यक्षांच्या खुर्चीत जाऊन बसले.

स्वयंपाकघरात मीनाताईंनी पदर खोचला आणि आधण ठेवले.

"तो शेवट कुठून आणलात?"

"तुम्ही रोखून बघत होतात ना, ताई. भीतीनं सुचला."

"मग पुढे? ती पेटी दोघे उघडतात का?"

"अजून तिथवर पोचलो नाही. ताई, दूध बघा, दूध!"

मीनाताईंनी गॅस बारीक केला. "सावकाश सुचू द्या. वर्ष आहे आपल्याकडे."

"स्वयंपाकघरात बोलायचं नाही!" बाहेरून नव्या अध्यक्षांचा करडा आवाज आला.

बावीस वर्षांत प्रथमच मीनाताईंनी आपला आवाज खाली आणला.

"उघडतील तेव्हा," त्या कुजबुजल्या, "त्यांना नावेत बसवा."