गुळवेल, पन्हळ आणि ‘पण’

दोंडाईच्याच्या मिश्रीलाल किराणावाल्यांचा घसा बसला, तोही जैनांची क्षमा मागण्याची संवत्सरी तीन दिवसांवर आलेली असताना. अडुसष्ट सालची ती तापाची साथ. ताप उतरला, पण जाताना आवाज घेऊन गेला.

आवाज हवा होता तो धाकट्या भावासाठी. शेजारच्याच घरात राहणाऱ्या या सोहनलालशी सहा वर्षं अबोला होता, कारण त्याच्या पन्हळीचं पाणी मिश्रीलालांच्या ओट्यावर पडे. दर संवत्सरीला मिश्रीलाल हात जोडून ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणत, क्षमा मागत, आणि लगेच पुढे म्हणत, “पण ती पन्हळ...” झालं! क्षमा राहायची बाजूला आणि गल्ली गोळा व्हायची. यंदा ‘पण’ म्हणायचंच नाही, असं त्यांनी तापातच ठरवलं होतं.

झुलालआबा वैद्यांनी घसा पाहिला. “डॉक्टर ज्याले व्हायरस म्हनस ना, तो गुयवेलले घाबरस. हिरवा पाला चावी खा. दोन दिनमा घसा मोकया!”

“आबा, चातुर्मासात हिरवं चालत नाही यांना,” मिश्रीलालांच्या पत्नी तारादेवी म्हणाल्या. “वाळवून दिला तर?”

“वायेल बी चाली. गुन तोच शे.”

पाला तोडायचं पापही नको, म्हणून ते काम मागच्या दारच्या ताजबीकडे गेलं. तिनं खाटेवर पाला पसरला आणि तासाभरात धावत आली. “भाभी, गजब हुआ! माझी बकरी सुटली, सगळा पाला खाऊन गेली!”

दुसऱ्या दिवशी पाला पत्र्यावर टाकला. बकरी पुन्हा सुटली आणि लाकडांच्या ढिगावरून पत्र्यावर चढली.

संवत्सरीच्या सकाळी मिश्रीलालांच्या तोंडून नुसती हवा येत होती. बकरी मात्र खणखणीत ओरडत होती, म्हणजे औषधाच्या गुणाबद्दल शंकाच नव्हती.

मिश्रीलाल तसेच भावाच्या दारात गेले. हात जोडले, ओठ हलवले. समोर गळ्याला मफलर गुंडाळलेला सोहनलाल. त्यानंही हात जोडले, ओठ हलवले. त्याचाही घसा बसला होता! दोघं एकमेकांच्या ‘पण’ची वाट पाहत उभे राहिले. तो काही येईना. शेवटी सोहनलालनं रडत मिठीच मारली. मग दोघं ओट्यावर बसले, पन्हळ ठिबकत होती तिथेच.

दुसऱ्या दिवशी मिश्रीलालांनी खुणेनं विचारलं, पाला?

“वाळतोय हो,” म्हणत तारादेवी मागच्या दारी गेल्या. ताजबी नवा पाला पसरत होती.

“भाभी, आज बकरीला घट्ट बांधते.”

“नको गं बाई,” तारादेवी हळूच म्हणाल्या, “गाठ सोडताना माझी नखं तुटतात.”