दोन पोरांची बाबागाडी

सन एकोणीसशे सेहेचाळीस. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो, आणि माझा सासरा मला दर भेटीला मापायचा.

मापायचा म्हणजे खरोखर मापायचा. भिंगारला त्यांच्या दारात पाऊल टाकलं की रामराम घालायच्या आधी मामा कानामागची पेन्सिल काढायचे. मला चौकटीला पाठ लावून उभं करायचे, डोक्यावर गुण्या, म्हणजे सुताराचा काटकोन, धरायचे आणि चौकटीवर रेघ मारायचे. मग दोन पावलं मागं सरून एक डोळा मिटायचे.

"पाच फूट चार. पाव्हणं, मागल्या बारीपेक्षा अर्धं सूत खचलात. जेवता का न्हाई?"

सूत म्हणजे आम्हा सुतारांचा इंचाचा आठवा भाग. माणूस अर्ध्या सुतानं खचतो की नाही हे मला माहीत नाही. जावयाचा मान खचतो, एवढं नक्की.

गेनबा मिस्त्री हे त्यांचं नाव. भिंगारच्या लष्करी कँपात गोऱ्या साहेबांच्या खुर्च्यांना पाय बसवण्यात त्यांचा जन्म गेला. आता साहेबाची खुर्ची आणि आपली खुर्ची यांत फरक काय? बसायला दोघांनाही तोच अवयव लागतो. पण मामांना हे पटायचं नाही. त्यांच्या प्रत्येक बोलण्याचा शेवट ठरलेला असायचा, "कँपात असं चालत न्हाई." चहा बशीत ओतला, कँपात चालत नाही. दाराला कडी उजवीकडून लावली, कँपात चालत नाही. एकदा मला शिंक आली तेव्हाही म्हणाले.

मी काष्टीचा सुतार. औतं, पाभरी, कुळव ही माझी कामं. शाळा तिसरीत सोडली, कारण मास्तरांचं आणि माझं पटलं नाही. पुढं कुणाशीच फारसं पटलं नाही, ते जाऊ द्या. पण मी केलेला कुळव दहा वर्षं रानात खिळखिळा व्हायचा नाही. मामा त्याला "खेडवळ काम" म्हणायचे. त्यांच्या हातच्या खुर्चीवर बसून एकही शेत कुळवून निघालेलं मी पाहिलेलं नाही.

तर त्या साली माझी बायको सुभद्रा दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी भिंगारला गेली होती. थोरला बाळू पावणेदोन वर्षांचा, त्यालाही बरोबर नेलं होतं. मुलगी झाली. सासूबाई दोन वर्षांमागं वारलेल्या, म्हणून बाळंतिणीचं सगळं शेजारच्या हमीदाचाचीनं केलं. चाची म्हणजे पिंजाऱ्याची बायको. कापसासारखं मऊ तिच्याकडं फक्त घरात होतं, तोंडात नव्हतं.

सव्वा महिना झाला तसा मी काष्टीहून आगगाडीनं नगरला गेलो, तिथून पायी भिंगारला. बायकोपोरांना न्यायला. घरी मी स्वतः भाकऱ्या थापत होतो, आणि माझी भाकरी टाकली तर कुत्रं ती हुंगून माझ्याकडं दयेनं बघायचं. म्हणजे माझी घाई लक्षात घ्या.

मापून झाल्यावर मामा म्हणाले, "बसा. न्यायचं बघू. बाळंतविडा तयार न्हाई अजून."

बाळंतविडा म्हणजे लेक सासरी परत धाडताना माहेरानं द्यायचं ते. टोपडं, झबलं, दुपटं आणि सुताराच्या घरचा म्हणून पाळणा. मी म्हणालो, "पाळणा काष्टीत हाय की मामा. बाळूचा."

"पाळना कोनी बी देतंय. मी बाबागाडी देनार."

मामांनी कँपात मडमांच्या आया तसल्या गाड्या ढकलताना पाहिल्या होत्या. पोर आत निजलेलं, आया मागं चाललेली. "मडमा पोरं कडंवर घेत न्हाईत," मामा म्हणाले.

"घेतील कशाला?" भिंतीपलीकडून हमीदाचाची ओरडली. "मडमंच्या कडंवर पोर टिकंल व्हय? घसरून पायात येईल!"

मामांनी तिकडं लक्ष दिलं नाही. त्यांचा सवाल वेगळाच होता. बाबागाडी एका पोराची करायची, का दोघांची?

या सवालानं त्यांनी सगळ्या गल्लीला भंडावलं होतं. पोस्टमनला विचारलं, भाजीवालीला विचारलं, देवळाच्या गुरवाला गाभाऱ्यातून बाहेर बोलावून विचारलं. गल्लीत दोन तट पडले होते, एकेरीवाले आणि दुहेरीवाले. काष्टीच्या काळ्या रानात चिखलातून ही गाडी ढकलणार कोण, हे एकालाही सुचलं नव्हतं. मी ते बोललो.

"थोरला चालतोय," मी म्हणालो, "आन् धाकटीला तिची आई घेईल. गाडी लागतीच कशाला?"

"थोरल्यानं अर्ध्या वाटंत फतकल मारली तर?"

"मी उचलीन."

"मंग गाडीत कोन बसंल?"

"कोनीच न्हाई. गाडीच नगं म्हनतोय मी."

मामांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी एखादी वाकडी फळी आहे. "पाव्हणं, गाडी तर हायेच. तिच्यात एक बसवायचा का दोन, एवढंच इचारतोय. जे इचारलं त्याचं बोला. कँपात असं चालत न्हाई."

बाळंतविडा पुरा झाल्याशिवाय लेक धाडता येत नाही, असं ठरलं. ठरवणारे तेच. मी एकटा परत आलो आणि भाकऱ्या थापू लागलो.

पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो. आता गाडी दोघांची ठरली होती. पण मामांनी तिला चाकं दोनच लावली होती.

"मडमांच्या गाडीला चार असतात ना?" मी विचारलं. एरवी साहेबाचं शेपूट धरून चालणारा माणूस, इथं कसा सुटला?

"चार चाकांवर कोनी बी उभं ऱ्हातं. म्हैस बी ऱ्हाती," मामा म्हणाले. "गाडी ती, जी दोन चाकांवर तुलती."

शेवटी बैलगाडीच त्यांच्या रक्तातून बाहेर आली. आता बैलगाडी हाकलेल्या माणसाला ठाऊक असतं, की दोन चाकांच्या गाडीत ओझं पुढं जास्त झालं तर ती धुरजड होते, बैलांच्या मानेवर बसते. मागं जास्त झालं तर उलाळ होते, पुढून आभाळाकडं उठते. मामांनी धाकटीची जागा पुढं आणि बाळूची मागं केली होती. एक सहा शेरांची, दुसरा तिच्या दुप्पट. आणि ढकलायचा दांडा मागच्या बाजूला. मी म्हणालो, "मामा, उलाळ हुनार."

"तुमी कुळव करा."

पोरांना बसवायच्या आधी चाचणी घ्यायची एवढी अक्कल त्यांच्यात होती, हे मी कबूल करतो. धाकटीच्या जागी एक लाल भोपळा ठेवला, टोपडं घालून. बाळूच्या जागी मसाल्याचा पाटा. बाळू स्वतः माझ्या कडेवर बसून आपल्या जागी पाटा बसलेला बघत होता. गल्लीच्या उतारावर मामांनी गाडी ढकलली. चार पावलं नीट गेली. मग पाट्याखाली मागची बाजू खाली बसली, मामांच्या हातातला दांडा निसटून भुईला टेकला, पुढची बाजू वर उसळली आणि भोपळा टोपड्यासकट उडाला. हमीदाचाचीनं दारात कापूस पिंजून ठेवला होता, त्याच्या ढिगात जाऊन पडला.

चाचीनं भोपळा उचलला, टोपडं सारखं केलं. "मिस्त्री, तुमची नात आली बघा माझ्याकडं. आजाच्या भ्यानं पळून आली."

त्या रात्री आम्ही सगळ्यांनी भोपळ्याची भाजी खाल्ली. मी दोनदा वाढून घेतली आणि काही बोललो नाही. न बोलण्यानं मामांना जास्त लागतं, हे मला कळत होतं. दुसऱ्या दिवशी एकटा काष्टीला.

तिसऱ्या बारीला आणखी तीन आठवडे गेले होते. या बारीला मी ठरवूनच गेलो होतो. मापही उभ्यानं दिलं नाही, चौकटीतून वाकून आत शिरलो.

"झाली का गाडी?"

"झाल्यागतच हाय," मामा म्हणाले. "चाकांचा आख पुढंमागं करून ओझं तोललं. पर एक अडचन हाय."

"आता काय?"

"बाळू जेवतो."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

"जेवतो म्हंजे वाढतो," मामा समजावून सांगू लागले. "काल दोन घास जास्त खाल्लं त्यानं. वजन मागं वाढलं. आख आनखी एक सूत मागं घ्यावा लागंल. आज घेतला, तर परवा तो पुन्ना खानार."

"मामा, तो जेवन बंद करनार न्हाई!"

"मंग गाडी पुरी कशी हुईल, तुमीच सांगा."

माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "उद्या सकाळी मी माझी मानसं नेनार. गाडी असो नसो. तुमची ती उलाळ गाडी, कँपातल्या साहेबाला बसवा तिच्यात, आन् उतारावरनं सोडा!"

मामांनी पेन्सिल कानामागं लावली, रंधा उचलला आणि मागच्या छपरात गेले. थोड्या वेळानं लाकूड तासायचा आवाज सुरू झाला. खर्र, खर्र, खर्र. सगळी दुपार.

तिसऱ्या प्रहरी ते खिळे आणायला कँपाकडं गेले, तसा मी छपरात शिरलो. आख एक सूत मागं घ्यायला कितीसा वेळ लागतो? अर्ध्या तासात काम उरकून त्यांच्यासमोर गाडी उभी करायची, खेडवळ हात काय करतो ते दाखवायचं, असा माझा बेत होता.

गाडी कोपऱ्यात गोणपाटाखाली होती. मी गोणपाट उचललं आणि हत्यार खाली ठेवलं.

करायला काहीच उरलं नव्हतं. आखासाठी एका ओळीत सात भोकं पाडलेली होती. पोर जसं वाढेल तशी खुंटी काढायची, आख एक भोक मागं घालायचा. पाच वर्षं पुरेल अशी सोय. इतकं डोकं माझं चाललं नसतं. हे आज लिहितोय, तेव्हा मेलो असतो तरी बोललो नसतो. पाचरी बसलेल्या, कडा घासून गुळगुळीत केलेल्या, पोराच्या हाताला कुसळ लागणार नाही अशा. लाकडाला तेल पाजलेलं. बोट फिरवलं, ते कोरडं निघालं. तेल मुरून चांगले पंधरा-वीस दिवस झाले होते. एका चाकापासून भिंतीपर्यंत कोळ्यानं घर बांधलेलं होतं.

मग दुपारभर ती खर्र खर्र कसली?

तासायच्या पाटावर सागाची एक फळी अडकवलेली होती. नुसती फळी. तिला खाच नाही, भोक नाही, कसलं माप नाही. कडांना ती दोन बोटं जाड होती, मधे पापडासारखी झाली होती. खाली तिच्या सालपांचा ढीग माझ्या गुडघ्याला लागत होता.

मागं वळलो तर दारात सुभद्रा उभी होती, धाकटीला खांद्यावर टाकून.

"दिसलं का?" ती म्हणाली.

"तुला कवापासून ठाऊक?"

"गाडीला तेल पाजून झालं त्या दिसापासून. आबांचा रंधा मी लहानपनापासून ऐकते. काम असलं की ते चार हात मारतात, थांबतात, फळी डोळ्याला लावून बघतात. आता मधे थांबतच न्हाईत."

"मंग मला बोलली का न्हाईस? मी तिकडं करपलेल्या भाकरी खातोय!"

ती धाकटीच्या पाठीवर थोपटत राहिली. मग म्हणाली, "चाची म्हनत हुती, आई गेल्यापास्नं ह्या छपरातनं आवाजच आला न्हवता. कँपातलं काम करून यायचे, आन् दार लावून बसायचे."

मी गोणपाट होतं तसं झाकलं. कोळ्याचं घर तुटू नये म्हणून जरा हळूच.

दिवेलागणीला मामा परत आले. खिळे आणलेच नव्हते. येताच म्हणाले, "न्या, पाव्हणं. सकाळी न्या. लेक काय, कवातरी धाडायचीच असती. बाळंतविड्याला मी पाळनाच देतो. गाडीचं ऱ्हाऊ द्या." मी पाण्याचा तांब्या उचलून त्यांच्यापुढं केला.

जेवायला बसलो तेव्हा त्यांनी बाळूला मांडीवर घेतलं आणि दूधभाकरी कुस्करून स्वतः भरवली. बाळू तोंड फिरवायचा. मामा म्हणायचे, "एक घास. ह्यो शेवटचा. आता ह्यो शेवटचा." शेवटचे असे त्यांनी सात-आठ घास चारले. माझ्या ताटातली भाकरी सुभद्रानं केलेली होती, तीन आठवड्यांत पहिली धड भाकरी, आणि मी ती अर्धी ताटात ठेवून उठलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुभद्रानं गाठोडं बांधायला घेतलं, तसा मी छपरात गेलो. गोणपाट ओढून टाकलं, गाडी अंगणात आणून उभी केली आणि हमीदाचाचीसकट सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "मामा, हिला वर सावलीचा टप कुठाय? काष्टीच्या उन्हात माझी लेक भाजून न्यायची का? असलं अर्धवट काम मी नेनार न्हाई! आधी टप करा, टपाला झालर लावा, आन् सगळं मनासारखं झालं म्हंजे मंगच सांगावा धाडा." आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत पायताण घालून मी एकटाच ठेसनाची वाट धरली.