सर्टिफिकेटचा पत्ता

ऑफिसात त्यांना सगळे पॉइंटरपंत म्हणत. प्रोग्रॅमिंगचा विषय निघाला की गडी सुटलाच! "वस्तू कशाला हलवायची? वस्तू जागेवर ठेवा, जवळ तिचा फक्त पत्ता बाळगा. त्यालाच पॉइंटर म्हणतात!"

ऑफिसात हे खपायचं. पण रविवारी पंतांनी घर आवरायला घेतलं! वस्तू कुठे ठेवली याची चिठ्ठी लिहून ती जिथे तिथे ठेवत सुटले. संध्याकाळपर्यंत घरात वस्तू कमी आणि चिठ्ठ्या जास्त झाल्या.

"आता डोळे मिटून काहीही सापडेल!" पंतांनी छाती फुगवून सांगितलं.

सोमवारी सकाळी बायको म्हणाली, "अहो, माझं डिग्रीचं सर्टिफिकेट द्या. अकराला मुलाखत आहे, मूळ कागद मागितलाय."

पाच वर्षांनी आलेली संधी होती बिचारीची. पंतांनी ऐटीत ड्रॉवर उघडला. आत चिठ्ठी: 'निळी फाइल बघा.'

निळ्या फाइलमध्ये चिठ्ठी: 'सुटकेस बघा.'

सुटकेस माळ्यावर. पंत स्टुलावर चढले, धुळीने माखले, शिंकत शिंकत खाली उतरले. आत चिठ्ठी: 'ड्रॉवर बघा.'

"अहो, ड्रॉवरमधूनच निघालो ना आपण?" बायकोचा आवाज चढला.

"थांब, मी मधे जागा बदलल्या होत्या. एखादी चिठ्ठी बदलायची राहिली असेल..."

"चिठ्ठी गेली खड्ड्यात! माझा कागद कुठाय?"

दहा वाजले. गाद्या उलट्या झाल्या, कपाटं रिकामी झाली. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा मात्र पंतांनी कपाळावर हात मारला. पाच वर्षं तिने वाट पाहिली आणि आपण चार चिठ्ठ्यांत माती केली!

तेवढ्यात पंतांची आई तिच्या खोलीतून आली. हातात सर्टिफिकेट!

"अरे, काल तू चिठ्ठ्या लिहीत बसलास आणि हा कागद टेबलावरच राहिला. त्याच्यावर चहाचा कप ठेवत होतास, म्हणून मी उचलून ठेवला."

 आईचे पाय धरावेत की बायकोचे, हेच पंतांना कळेना! बायको रिक्षा पकडून वेळेत पोचली, तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला.

संध्याकाळी पंत भुकेने कासावीस होऊन घरी आले. ताटात चिठ्ठी: 'फ्रिज बघा.' फ्रिजमध्ये चिठ्ठी: 'कुकर बघा.' पंतांनी घाईघाईने कुकर उघडला.

'नोकरी मिळाली! आम्ही दोघी बाहेर जेवतोय. तांदूळ डब्यात आहेत. खरेच आहेत, चिठ्ठी नाही!'

पंतांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तरी डबा उघडून आधी खात्री करून घेतली.